वावळ कधी फुलणार? तापमानावरून परागाच्या हंगामाचा अंदाज असा बांधतात

बावधन (ता. मुळशी) : थंडी सरायला लागली की घरोघरी शिंका सुरू होतात. दोष जातो गार पाण्याला. पण दरवर्षी त्याच दिवसांत, ताप नसताना नाक गळत असेल, डोळे खाजत असतील, दम लागत असेल, तर कारण झाडांचे परागकणही असू शकतात.

त्रास कोणत्या झाडांचा?
पळस, पांगारा, काटेसावर नजरेत भरतात, पण त्यांचा पराग पाखरं आणि मधमाश्या नेतात. तो हवेत फारसा उडत नाही. वावळाचं तसं नाही. पान चुरगळलं की घाण वास येतो, तेच हे झाड. पानगळीनंतर, साधारण जानेवारी-फेब्रुवारीत त्याला बारीक फुलं येतात. कुणाचं लक्षही जात नाही, पण त्यांचा कोरडा, हलका पराग वाऱ्यावर लांब जातो.

उष्णतेची बेरीज
झाडाला कॅलेंडर कळत नाही, ऊब कळते. दिवसाचं कमाल आणि किमान तापमान मिळवून निम्मं करायचं, त्यातून झाडाची वाढ जिथं सुरू होते ते तापमान वजा करायचं. उदाहरणार्थ, कमाल 30, किमान 12, तर सरासरी 21. वाढीचं तापमान 10 धरलं तर त्या दिवसाचे 11 अंश जमा. अशी रोजची बेरीज ठरावीक आकड्याला पोचली की फुलोरा येतो. जपानमध्ये सुगी झाडाच्या परागाचा अंदाज असाच देतात. टोकियो भागात 1 जानेवारीपासूनच्या कमाल तापमानांची बेरीज 400 च्या आसपास गेली की लोक सावध होतात.

आपल्याकडं पाऊसही धरा
तिकडं झाडं थंडीनं झोपतात, इकडं पानगळ मुख्यतः ओल संपल्यामुळं होते. म्हणून परतीचा पाऊस कधी थांबला हेही हिशेबात लागतं. ताम्हिणीची ओल आणि बावधनची ओल सारखी नाही, त्यामुळं एकाच तालुक्यात तारखा पुढंमागं होतात. चंदीगडसाठी 2021 मध्ये परागाचं कॅलेंडर तयार झालं. कॅलेंडर महिना सांगतं. यंदा हंगाम आठ दिवस आधी येईल का, हे मात्र तापमान आणि पावसावरूनच काढावं लागतं.

घरच्या घरी नोंद
- बांधावरचं किंवा रामनदीकाठचं एकच झाड ठरवा.
- शेवटचा मोठा पाऊस, पानगळ, कळी आणि पहिलं फूल यांच्या तारखा वहीत लिहा.
- 'मेघदूत' अॅपवरचं रोजचं कमाल-किमान तापमान शेजारी मांडा.
- घरात शिंका, दमा कधी सुरू झाला तेही लिहा.

चार-पाच वर्षांत आपल्या गावाचा अंदाज हाती येतो. दम्याच्या माणसानं कळ्या दिसताच डॉक्टरांना वही दाखवावी, पंप जवळ ठेवावा, चालू औषध मनानं बंद करू नये. वारा सुटलेल्या कोरड्या दिवशी खिडक्या लावाव्यात आणि बाहेर जाताना तोंडाला उपरणं किंवा मास्क बांधावा. बहर चार दिवस आधी कळला, तर रात्री-अपरात्री दवाखाना गाठायची वेळ टळू शकते.