विक्री क्षेत्रातील फसव्या नोकऱ्या : नव्या पदवीधरांसाठी मार्गदर्शन

पदवी परीक्षेचा निकाल लागला की काही दिवसांतच अनेक घरांत फोन येऊ लागतात. "आपली निवड झाली आहे. अनुभवाची अट नाही. उद्या सकाळी अकरा वाजता मूळ कागदपत्रे घेऊन या." पदाचे नाव भारदस्त असते : मॅनेजमेंट ट्रेनी, बिझनेस डेव्हलपमेंट एक्झिक्युटिव्ह किंवा ब्रँड असोसिएट. आईवडिलांना आनंद होतो, शेजारीपाजारी अभिनंदन करतात. महिन्या-दोन महिन्यांनी मात्र तोच मुलगा खांद्यावर पिशवी टाकून दारोदार फिरत असतो. अथवा आपल्याच नातलगांना एखाद्या योजनेत पैसे गुंतवण्याची गळ घालत असतो.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. विक्रीचे काम कमी प्रतीचे नाही. औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, ग्राहकोपयोगी वस्तूंच्या कंपन्यांचे विक्री अधिकारी, बँकांचे कर्मचारी यांनी याच कामातून सन्मानाने संसार उभे केले आहेत. चांगली कंपनी अशा प्रतिनिधीस निश्चित वेतन, दैनिक भत्ता व प्रवासखर्च देते आणि विक्री वाढल्यास त्यावर प्रोत्साहनपर रक्कम देते. दोष विक्रीत नाही. काम कोणते आणि मोबदला कोणता हे उमेदवारापासून लपवण्यात तो आहे.

फसवणुकीचे प्रचलित प्रकार

*१) पद एक, काम दुसरे.* जाहिरातीत 'मार्केटिंग' किंवा 'व्यवस्थापन प्रशिक्षण' असे लिहिलेले असते. प्रत्यक्षात घरोघरी जाऊन वस्तू विकणे एवढेच काम असते. वेतन नसते, केवळ कमिशन असते. प्रवासाचा व जेवणाचा खर्च उमेदवाराच्याच खिशातून होतो. "सहा महिन्यांत तुमचे स्वतःचे कार्यालय असेल" या आश्वासनावर मुले दिवस काढतात.

*२) नोकरी नव्हे, एजन्सी.* विमा एजंट होण्यासाठी परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते आणि मोबदला कमिशनच्या स्वरूपात मिळतो. हा व्यवसाय कायदेशीर व प्रतिष्ठित आहे; परंतु एजंट हा कंपनीचा पगारी नोकर नसतो. त्याला 'नोकरी' म्हणून बोलावणे ही दिशाभूल होय. काही ठिकाणी पगार असतो, पण तो टिकवण्यासाठी दरमहा ठरावीक संख्येने नवे एजंट आणावे लागतात. ते मिळेनासे झाले की नोकरीही संपते.

*३) साखळी योजना.* येथे आधी पैसे भरून 'किट' किंवा वस्तूंचा संच घ्यावा लागतो आणि खरी कमाई वस्तू विकून नव्हे, तर नवे सदस्य जोडून होते. अशा पैसे फिरवणाऱ्या योजनांवर १९७८ च्या केंद्रीय कायद्याने बंदी घातली असून त्यात तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. थेट विक्री करणाऱ्या कंपन्यांसाठी २०२१ मध्ये ग्राहक संरक्षण कायद्याखाली नियम करण्यात आले; त्यांतही पिरॅमिड योजनांना मनाई आहे. याच नियमांनुसार थेट विक्रेता हा स्वतंत्र व्यावसायिक मानला जातो, कर्मचारी नव्हे. म्हणून अशा ठिकाणी कोणी 'पगार' हा शब्द उच्चारला तर सावध व्हावे.

*४) परदेशातील 'सेल्स'ची नोकरी.* सप्टेंबर २०२२ मध्ये भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने इशारा दिला होता की, थायलंडमध्ये 'डिजिटल सेल्स अँड मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह' या पदाचे आमिष दाखवून भारतीय तरुणांना बेकायदा म्यानमारमध्ये नेले जात आहे आणि तेथे त्यांना ओलीस ठेवून सायबर फसवणुकीची कामे करवून घेतली जात आहेत. मार्च २०२५ मध्ये अशा केंद्रांतून सुटलेल्या पाचशेहून अधिक भारतीयांना विमानांनी मायदेशी आणण्यात आले. आखातात वा अन्यत्र नोकरीसाठी जाण्याची आपल्याकडे जुनी परंपरा आहे. म्हणूनच ही खबरदारी महत्त्वाची. पर्यटक व्हिसावर नोकरी करता येत नाही. भरती करणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदणीकृत आहे की नाही, हे पैसे देण्यापूर्वी पाहावे. नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क म्हणून तीस हजार रुपये व त्यावरील कर यापेक्षा अधिक रक्कम घेता येत नाही.

'पॅकेज'चा हिशेब

'वार्षिक सहा लाख' ऐकले की घरातील मंडळी बारांनी भागून महिना पन्नास हजार धरतात. येथेच गफलत होते. समजा, या सहा लाखांपैकी २,४०,००० रुपये 'व्हेरिएबल' म्हणजे विक्रीचे लक्ष्य गाठले तरच मिळणार आहेत. उरले ३,६०,०००, म्हणजे महिना ३०,०००. मूळ वेतन १५,००० धरल्यास कंपनीचा भविष्यनिर्वाह निधीचा हिस्सा १,८०० आणि ग्रॅच्युइटीसाठीचे सुमारे ७२० रुपये बहुधा याच आकड्यात धरलेले असतात. त्यानंतर कर्मचाऱ्याचा स्वतःचा १,८०० रुपयांचा हिस्सा आणि महाराष्ट्रात व्यवसाय कराचे २०० रुपये वजा होतात. हाती येतात सुमारे साडेपंचवीस हजार. त्यातून पेट्रोल, रेल्वेचा पास व मोबाइल यांचा खर्च स्वतःचा असेल तर शिल्लक आणखी घटते. हा पगार वाईट आहे असे नाही. परंतु निर्णय पन्नास हजारांवर न घेता साडेपंचवीस हजारांवर घ्यावा.

मुलाखतीत विचारावयाचे प्रश्न

खालील प्रश्न नम्रतेने पण निःसंकोचपणे विचारावेत :

- एकही विक्री झाली नाही तर महिनाअखेर किती रक्कम मिळेल?
- प्रवासखर्च व भत्ता कोण देणार?
- मी कर्मचारी असेन की एजंट?
- लक्ष्य किती आहे आणि सध्याच्या गटातील किती जण ते गाठतात?
- प्रशिक्षणाच्या काळात वेतन मिळते का?
- हे सर्व नियुक्तिपत्रात लिहून मिळेल का?

प्रामाणिक अधिकारी या प्रश्नांची थेट उत्तरे देतो. "पैशाचाच विचार करणारे मोठे होत नाहीत", "आजच निर्णय घ्या, उद्या जागा राहणार नाही" अशी उत्तरे मिळाल्यास उठून यावे. नोकरीत पैसा मालकाकडून कर्मचाऱ्याकडे येतो. नोंदणी, प्रशिक्षण, गणवेश, लॅपटॉपची अनामत अशा कोणत्याही नावाने तो उलट दिशेने जाऊ लागला, तर तेथेच थांबावे.

कागदपत्रे आणि पडताळणी

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांनुसार दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेने प्रत्येक कर्मचाऱ्यास नियुक्तिपत्र देणे बंधनकारक आहे. मासिक वेतन पुढील महिन्याच्या सात तारखेपर्यंत आणि नोकरी सोडल्यास थकीत वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत मिळावयास हवे.

कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीची नोंदणी, तिची तारीख व पत्ता विनाशुल्क पाहता येतो. नोंदणी असणे म्हणजे सचोटीची हमी नव्हे. परंतु जी कंपनी स्वतःला वीस वर्षे जुनी म्हणवते आणि जिची नोंदणी गेल्या वर्षीची आहे, तिचे पितळ तेथेच उघडे पडते. शक्य असल्यास तेथून नोकरी सोडलेल्या एखाद्या व्यक्तीशी बोलावे.

मूळ प्रमाणपत्रे कोणाच्याही ताब्यात देऊ नयेत. मूळ प्रती दाखवून छायाप्रती द्याव्यात. बाँडच्या बाबतीत "तो कोर्टात टिकत नाही" या ऐकीव माहितीवर विसंबू नये. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेच्या प्रकरणात, तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. म्हणून सही करण्यापूर्वी कागद घरी आणून जाणत्या माणसाकडून वाचून घ्यावा.

फसवणूक झाली असल्यास

ऑनलाइन पैसे गेले असल्यास विनाविलंब १९३० या क्रमांकावर कळवावे व आपल्या बँकेसही सूचना द्यावी. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम रोखली जाण्याची शक्यता अधिक. पावत्या, संदेश, जाहिरातीचे चित्र जपून ठेवावे व पोलीस ठाण्यात लेखी तक्रार करावी. वेतन थकले असल्यास कामगार आयुक्तांच्या कार्यालयाकडे दाद मागता येते.

पालक व समाजाची भूमिका

साखळी योजनेत नव्या सदस्यास पहिल्याच दिवशी ओळखीच्या लोकांची यादी करावयास सांगतात. त्या यादीत मामा, आत्या, शाळेतील शिक्षक, युवा मंडळातील मित्र, धर्मग्रामातील शेजारी यांची नावे येतात. आपल्या समाजात माणसे एकमेकांच्या शब्दावर विश्वास ठेवतात. असल्या योजनेचे खरे भांडवल तोच विश्वास असतो. बुडालेले वीस हजार रुपये वर्षभरात पुन्हा मिळवता येतात, पण आपल्या शब्दावर पैसे गुंतवलेल्या आत्याच्या घरी पुन्हा पूर्वीच्या मोकळेपणाने जाता येत नाही.

म्हणून फसलेल्या मुलाला घरात दोष देऊ नये. लाजेपोटी तो गप्प राहिला, तर पुढचा बळी त्याच्याच वर्गातील असतो. युवा मंडळाच्या सभेत अशा तरुणाने आपला अनुभव सांगितला, तर त्याचा उपयोग अनेकांना होईल. आणि पहिली नोकरी मिळण्यास तीन-चार महिने अधिक लागले, तर पालकांनी धीर धरावा, कारण घाईने घेतलेला निर्णय पुष्कळदा मुलाचा नसून "अजून नोकरी नाही लागली?" या रोजच्या प्रश्नाचा असतो.