हिप्परग्याची सहल

मंडळी, तुळजापूर रस्त्याला लागलं की हिप्परग्याचा तलाव दिसतो. रविवारी आपण डबे घेऊन तिथं जातो, हिवाळ्यात पक्षी बघतो. पण तलाव काही सहलीसाठी बांधलेला नाही. अवर्षणाच्या या मुलखात शेतीला पाणी मिळावं म्हणून इंग्रज सरकारनं आदिला नदी अडवली आणि १८७१ मध्ये हा एकरूख तलाव पुरा झाला. बांध दोन किलोमीटरहून लांब! पुढं दहाएक वर्षांत त्याचंच पाणी नळानं सोलापुरात आलं. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी तलाव खोदवला, तोही लोकांच्या पाण्यासाठीच, असं परंपरा सांगते. म्हणून सांगतो, पुढच्या रविवारी आधी बांध बघा, मग डबा उघडा; आणि कचरा परत घरी आणा. गावानं प्यायलेलं पाणी आहे ते.