प्रिन्स ऑफ पर्शिया : एका द्वंद्वप्रधान व्हिडिओ गेममालिकेचा इतिहास

प्रिन्स ऑफ पर्शिया : तलवारीचे द्वंद्व, लांब उड्या आणि सापळ्यांची शर्यत यांवर आधारलेली एक जगप्रसिद्ध व्हिडिओ गेममालिका. तिचा पहिला भाग अमेरिकन रचनाकार जॉर्डन मेकनर (१९६४–    ) यांनी १९८९ मध्ये सिद्ध केला. मालिकेतील द सँड्स ऑफ टाइम (२००३) हा भाग नव्या यंत्रांसाठी पुन्हा घडविण्याचे काम पुणे व मुंबई येथील स्टुडिओंकडे असल्याचे २०२० मध्ये जाहीर झाले आणि या मालिकेचा महाराष्ट्राशी प्रत्यक्ष संबंध आला. पुढे २०२२ मध्ये ते काम कॅनडातील माँट्रिऑल येथे नेण्यात आले व जानेवारी २०२६ मध्ये ते रद्द झाले. लोकमान्य झालेल्या जुन्या खेळाचा नवा अवतार घडविणे हे अगदी नवा खेळ रचण्याहून अवघड का ठरते, याचे हा घटनाक्रम उत्तम उदाहरण आहे.

पूर्वपीठिका : दोन योद्ध्यांच्या लढतीचे चित्रण हा व्हिडिओ खेळांचा फार जुना विषय आहे. जपानमधील सेगा या कंपनीचा मुष्टियुद्धावरील हेवीवेट चँप हा खेळ १९७६ मध्ये आला. कराटे चँप हा खेळ १९८४ मध्ये आला आणि समोरासमोरच्या लढतींच्या खेळांना निश्चित रूप मिळू लागले. त्याच वर्षी मेकनर यांचा कराटेका हा खेळ अ‍ॅपल २ या घरगुती संगणकावर प्रसिद्ध झाला. तेव्हा ते येल विद्यापीठात शिकत होते. शत्रूच्या किल्ल्यातील एकेका पहारेकऱ्याला लाथा-बुक्क्यांनी नमवीत नायकाने बंदिवान राजकन्येपर्यंत पोहोचायचे, एवढेच त्याचे कथानक. मात्र अखेरीस नायक लढाईच्या पवित्र्यात राजकन्येजवळ गेला, तर तीच त्याला एका लाथेत ठार करते. पवित्रा सोडून, साध्या चालीने जाणाऱ्यालाच विजय मिळतो. डाव केव्हा टाकायचा याबरोबरच तो केव्हा टाकायचा नाही, याचेही भान या खेळाने खेळाडूकडून अपेक्षिले.

कराटेकाचे खरे नावीन्य हालचालींत होते. मेकनर यांनी एका कराटे-शिक्षकाचे चित्रण करून त्यातील एकेका चौकटीवरून आकृती उतरवून घेतल्या. चित्रफितीवरून रेषा उतरविण्याची ही पद्धत व्यंगपटकार मॅक्स फ्लायशर यांनी १९१५ च्या सुमारास शोधून काढली होती. तिच्यामुळे पडद्यावरील ठिपक्यांच्या बाहुलीला माणसाचे वजन व तोल आला.

पहिला भाग (१९८९) : प्रिन्स ऑफ पर्शियासाठी मेकनर यांनी आपला धाकटा भाऊ डेव्हिड याला धावायला, उड्या मारायला आणि भिंतीला लोंबकळायला लावून त्याचे चित्रण केले. तलवारबाजीसाठी द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड (१९३८) या चित्रपटातील द्वंद्वाचा काही सेकंदांचा भाग त्यांनी आधाराला घेतला. कपटी वजीर जाफर याच्या कैदेतून सुटून साठ मिनिटांच्या आत राजकन्येपर्यंत पोहोचणे, हे खेळाडूचे उद्दिष्ट असते.

विशेष म्हणजे या खेळात आरंभी लढत नव्हतीच. संगणकाची स्मृती इतकी अपुरी होती, की शत्रूच्या आकृती साठविण्यास तीत जागा उरली नव्हती. तेव्हा मेकनर यांनी राजपुत्राच्याच आकृत्यांवर गणिती प्रक्रिया करून त्यांपासून त्याची एक छाया निर्माण केली. आरशातून उडी मारताच ही छाया राजपुत्रापासून विलग होते व पुढे त्याच्या वाटेत येते. तिच्यावर वार केल्यास तो वार स्वतःलाच लागतो. तलवार म्यान केली, तरच दोघे पुन्हा एकरूप होतात. अडचणीतून सुचलेली ही युक्ती खेळाचे सर्वांत संस्मरणीय अंग ठरली. पहारेकऱ्यांशी होणाऱ्या लढती त्यानंतर घालण्यात आल्या. प्रारंभी अ‍ॅपल २ वर खेळाला फारसा उठाव मिळाला नाही; परंतु १९९० पासून तो इतर संगणकांवर आला आणि त्याची कीर्ती जगभर पसरली. भारतातही १९९० नंतरच्या दशकात संगणकाशी प्रथम परिचय झालेल्या पिढीतील अनेकांना पांढऱ्या वेषातील हा राजपुत्र चांगलाच ठाऊक आहे.

मालिकेचा विस्तार : दुसरा भाग १९९३ मध्ये निघाला. प्रिन्स ऑफ पर्शिया थ्रीडी (१९९९) या तिसऱ्या भागात राजपुत्र प्रथमच त्रिमितीय अवकाशात वावरला. परंतु त्याच्या हालचालींत जुना रेखीवपणा राहिला नाही आणि हा भाग अयशस्वी ठरला. त्यानंतर यूबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीच्या माँट्रिऑल येथील स्टुडिओने मेकनर यांच्या सहभागाने द सँड्स ऑफ टाइम हा भाग नोव्हेंबर २००३ मध्ये प्रसिद्ध केला. याचे कथानक भारतात सुरू होते. एका महाराजाच्या राजवाड्यावर हल्ला करून राजपुत्र एक जादूचा खंजीर हस्तगत करतो. त्याच लुटीत एक प्रचंड वाळूचे घड्याळ मिळते. त्या घड्याळातील वाळू मुक्त झाल्यावर सर्वनाश ओढवतो आणि राजपुत्राला महाराजाची बंदिवान कन्या फराह हिच्याच साहाय्याने तो निस्तरावा लागतो.

खंजिराच्या योगाने घडून गेलेले काही क्षण मागे फिरविता येतात, ही या भागाची मुख्य कल्पना होय. चुकलेली उडी किंवा चुकलेला वार पुसून टाकण्याची ही सोय खेळाडूंना अतिशय भावली. भिंतीवरून धावत जाण्याची राजपुत्राची लकबही याच भागाने रूढ केली. त्यातील लढती मात्र एकसुरी असल्याची टीका झाली आणि वॉरिअर विदिन (२००४) या पुढील भागात शस्त्रयुद्धाचा मोठा विस्तार करण्यात आला. द टू थ्रोन्स (२००५) या भागाने ही त्रयी पूर्ण झाली. याच मालिकेची एक शाखा म्हणून हाती घेतलेल्या प्रकल्पातून असॅसिन्स क्रीड (२००७) ही स्वतंत्र मालिका जन्मली व लवकरच मूळ मालिकेहून मोठी झाली.

नव्या भागाचा पेच : कुस्तीचा डाव जसा तालमीत अंगी मुरतो, तशी लढतीच्या खेळातील चाल खेळाडूच्या बोटांत मुरते. कळ दाबल्यापासून वार पडेपर्यंतचा काळ सेकंदाच्या लहानशा अंशाइतका असतो. पण सरावलेल्या हाताला त्यातील अल्पसा फरकही जाणवतो. म्हणून नवा भाग काढणाऱ्याला जुने कथानक बदलता येते, चित्रे बदलता येतात. पण हाताला लागलेली ही सवय मोडताना फार विचार करावा लागतो. उलट काहीच बदलले नाही, तर नवा भाग काढण्याचे प्रयोजनच उरत नाही.

जपानमधील कॅपकॉम कंपनीच्या स्ट्रीट फायटर या द्वंद्वमालिकेच्या वाटचालीत या पेचाची सर्व रूपे दिसतात. तिच्या दुसऱ्या भागाने (१९९१) या प्रकाराचा आदर्श घालून दिला. धालसिम हा भारतीय योगी त्यातीलच एक योद्धा. तिसऱ्या भागात (१९९७) बहुतेक जुने योद्धे वगळण्यात आले. जाणकारांनी पुढे त्याची वाखाणणी केली. परंतु सर्वसामान्य खेळाडू त्याच्याकडे फारसे वळले नाहीत. चौथ्या भागात (२००८) निर्माते योशिनोरी ओनो यांनी जुने योद्धे परत आणले. त्यांची रूपे त्रिमितीय केली. पण लढत पूर्वीप्रमाणे एकाच रेषेत ठेवली. नवे रूप आणि जुना हात यांचा हा मेळ यशस्वी झाला. पाचवा भाग (२०१६) अपुऱ्या सामग्रीनिशी बाहेर पडल्याने टीकेचा धनी झाला. सहाव्या भागात (२०२३) जुन्या खेळाडूंसाठी पूर्वीची आणि नवागतांसाठी सोपी, अशा दोन्ही नियंत्रणपद्धती शेजारी शेजारी ठेवण्यात आल्या.

पुनर्निर्मितीत हा पेच आणखी घट्ट होतो. नव्या भागाची तुलना मागील भागाशी होते. पुनर्निर्मितीची तुलना खेळाडूच्या आठवणीशी होते आणि आठवणीतील चित्र प्रत्यक्षाहून नेहमीच उजळ असते. संगीत सौभद्र (१८८२) नव्या संचात उभे करणाऱ्या नाट्यमंडळीला श्रोत्यांच्या कानांत आधीपासून घुमणाऱ्या चालींशी जसा सामना द्यावा लागतो, तसाच हा प्रकार आहे.

पुणे-मुंबई पर्व (२०२०–२२) : यूबिसॉफ्टने २००८ मध्ये गेमलॉफ्ट या कंपनीचा पुण्यातील स्टुडिओ आपल्याकडे घेतला आणि २०१८ मध्ये मुंबईत दुसरा स्टुडिओ उघडला. पुण्यातील कामात खेळांच्या चाचण्या, एका यंत्रावरील खेळ दुसऱ्या यंत्रावर उतरविणे व जस्ट डान्स यांसारख्या मालिकांना साहाय्य यांचा मोठा वाटा होता. एखाद्या नामांकित मालिकेतील मोठ्या खेळाचे नेतृत्व करणे ही याहून वेगळी जबाबदारी होती. १० सप्टेंबर २०२० रोजी द सँड्स ऑफ टाइमच्या पुनर्निर्मितीची घोषणा झाली, तेव्हा ती जबाबदारी पुणे व मुंबई येथील स्टुडिओंवर सोपविल्याचे स्पष्ट झाले. असॅसिन्स क्रीडसाठी विकसित झालेल्या अ‍ॅन्व्हिल या संगणकप्रणालीवर खेळ नव्याने उभारला जात होता. राजपुत्राच्या आवाजासाठी मूळ अभिनेते युरी लोवेंथाल यांनाच पुन्हा घेण्यात आले. प्रकाशनाची तारीख २१ जानेवारी २०२१ अशी ठरली होती.

घोषणेबरोबर दाखविलेल्या चित्रफितीवर मोठी टीका झाली. पात्रांचे चेहरे व प्रकाशयोजना मागील पिढीच्या यंत्रांना शोभेल अशी आहे, असा तिचा रोख होता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये प्रकाशन १८ मार्च २०२१ पर्यंत आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये अनिश्चित काळापर्यंत पुढे ढकलण्यात आले. मे २०२२ मध्ये काम माँट्रिऑलकडे सोपविल्याचे जाहीर झाले. पुणे व मुंबई येथे झालेल्या कामाच्या पायावर पुढील रचना करण्यात येईल, असे कंपनीने त्या वेळी सांगितले. परंतु मे २०२३ मध्ये प्रकल्प पुन्हा संकल्पनेच्या टप्प्यावर असल्याचे कळले. जून २०२४ मध्ये प्रकाशनासाठी २०२६ हे वर्ष घोषित झाले आणि जानेवारी २०२६ मध्ये कंपनीच्या व्यापक पुनर्रचनेत हा प्रकल्प इतर काही खेळांबरोबर रद्द करण्यात आला.

तांत्रिक अडचणी : अशा कामाचे स्वरूप बाहेरून कळत नाही. जुन्या खेळाचे नकाशे व हालचाली जशाच्या तशा घेतल्या, तर नव्या, तपशीलवार चित्रांत त्या कृत्रिम भासतात. हालचाली नव्याने मुद्रित केल्या, तर उडीची लांबी व वाराचा काळ बदलतो आणि त्यांच्या मापाने आखलेले सर्व कठडे, खांब व सापळे पुन्हा आखावे लागतात. काळ मागे फिरविण्यासाठी पडद्यावरील प्रत्येक सजीव-निर्जीव वस्तूची स्थिती क्षणोक्षणी नोंदवून ठेवावी लागते. चित्रे जितकी समृद्ध, तितका हा भार अधिक. अशा खेळाची खरी पारख तो हाताळल्यावरच होते. परंतु लोकमत बनते ते काही मिनिटांच्या चित्रफितीवरून.

मूल्यमापन : चित्रफितीवरील रोषात काहींनी भारतीय कारागिरीलाच दोष दिला. घटनाक्रम पाहता तो निष्कर्ष टिकत नाही. मूळ खेळ ज्या माँट्रिऑलमध्ये जन्मला, तेथील अनुभवी स्टुडिओलाही साडेतीन वर्षांहून अधिक काळ मिळून ही पुनर्निर्मिती तडीस नेता आली नाही. दुसरीकडे, फ्रान्समधील माँपेल्ये येथील स्टुडिओने पूर्णतः नवा नायक व कथा घेऊन रचलेला द लॉस्ट क्राउन (जानेवारी २०२४) हा भाग समीक्षकांनी वाखाणला. तरीही त्याची विक्री अपेक्षेइतकी झाली नाही आणि त्याच वर्षी त्याच्या रचनाकारांना इतर कामांकडे वळविण्यात आले. यश केवळ कौशल्यावर अवलंबून नसते. पुरेसा काळ, निर्णयाचे स्वातंत्र्य आणि अपूर्ण काम लोकांपुढे न मांडण्याचा संयम यांवरही ते अवलंबून असते. साहाय्यकाच्या भूमिकेतून नेतृत्वाकडे जाणाऱ्या स्टुडिओला तर पहिलाच डाव दुसऱ्याच्या आखाड्यात, दुसऱ्याच्या कीर्तीशी खेळावा लागला.

या पर्वातील काम प्रसिद्ध न झाल्याने त्याचे योग्य परीक्षण होऊ शकले नाही, ही इतिहासाच्या दृष्टीने मोठी हानी होय. पहिल्या भागाची मूळ संहिता ज्या तबकड्यांवर होती, त्या कित्येक वर्षे हरवल्या होत्या. त्या सापडल्यावर मेकनर यांनी २०१२ मध्ये ती संहिता सर्वांसाठी खुली केली आणि एका तरुणाने अपुऱ्या साधनांनी काय साधले होते, हे अभ्यासकांना ओळ न्‌ ओळ वाचता आले. पुणे व मुंबई येथील रचनाकारांनी त्याच राजपुत्राला कोणती नवी चाल दिली होती, हे मात्र आज कोणालाही खेळून पाहता येत नाही.