हवा सुधारली, विहिरी गेल्या

मंडळी, पोस्ट जरा मोठी आहे. पण पेट्रोल पंपाच्या आसपास ज्यांची विहीर किंवा बोअर आहे, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

1979 पासून अमेरिकेत शिशाच्या जागी पेट्रोलमध्ये एमटीबीई नावाचं रसायन मिसळायला लागले. 1990 च्या हवा-कायद्यानंतर धूर कमी व्हावा म्हणून त्याचा वापर आणखी वाढला. पण पंपांच्या जमिनीखालच्या टाक्या गळत होत्या. आणि हे रसायन पाण्यात चटकन विरघळतं, मातीला धरून राहत नाही. पेट्रोलचे बाकीचे घटक मागे रेंगाळतात, हे पुढे पळतं. 1996 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सँटा मोनिका शहराला विहिरी बंद कराव्या लागल्या. जवळपास निम्मं पाणी गेलं, बाहेरून विकत आणायची वेळ आली.

जीवाणूंना एमटीबीई पचत नाही, असाच तेव्हा समज होता. 1994 साली ते पचवणाऱ्या जीवाणूंच्या मिश्रणाची नोंद झाली. पुढे लॉस एंजेलिसकडच्या एका सांडपाणी केंद्रातल्या कंपोस्टच्या गाळणीत 'पीएम-1' हा जीवाणू सापडला. डेव्हिस इथल्या विद्यापीठाने 1999 मध्ये त्याची माहिती छापली. हा पठ्ठ्या एमटीबीई खाऊनच जगतो, फक्त त्याला प्राणवायू लागतो. पोर्ट ह्युनेमी इथल्या नौदल तळावर तो जमिनीत सोडून पाहिला. गंमत म्हणजे, जिथे नुसता प्राणवायू सोडला तिथेही एमटीबीई घटलं! खाणारे जीवाणू तिथे आधीपासून होते, त्यांचा श्वास कोंडला होता एवढंच.

तरी शहराचं नुकसान काही टळलं नाही. कॅलिफोर्नियात 2003 अखेर एमटीबीई बंद झालं, पण सँटा मोनिकाचं मोठं शुद्धीकरण केंद्र उभं राहायला 2010 उजाडलं. तेही सक्रिय कोळशाच्या जोरावर.

आता आपलं बघा. 2000 मध्ये आपण शिसं सोडलं, आज पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे. उसाला भाव मिळतो, चांगलंच आहे. इथेनॉल जीवाणूंना आवडतं, लवकर संपतं. पण ते खाताना जमिनीतला प्राणवायूही संपतो, आणि कॅन्सरकारक बेन्झीन तसंच राहून लांबवर पसरू शकतं.

म्हणून ग्रामसभेत एकच प्रश्न विचारा: आपल्या पंपाची टाकी किती जुनी, आणि शेजारच्या विहिरीचं पाणी बेन्झीनसाठी शेवटचं कधी तपासलं? उत्तर मिळालं तर इथे कमेंटमध्ये टाका.