मध्यरात्रीच्या मुलखाचा कर्ता

बंगळूरच्या जयनगरात नव्याने राहावयास आलेल्या माणसाला पहिल्या दिवसापासून मोजणी शिकावी लागते. पुण्याच्या पेठांना वारांची नावे आहेत, बोळांना मारुतींची आणि गणपतींची आहेत. जयनगरात आहेत ते आकडे. १९४८ साली, त्या वेळचे गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीची कोनशिला बसली, आणि शहराच्या दक्षिणेस चौकटी आखून ती उभी राहिली. तिच्या भागांना 'ब्लॉक' म्हणावयाचे, एका दिशेच्या रस्त्यांना 'मेन' आणि त्यांना छेदणाऱ्यांना 'क्रॉस'. अमुक मेन आणि तमुक क्रॉस असे दोन आकडे सांगितले की घर सापडलेच पाहिजे, असा येथला विश्वास. तो नेहमीच खरा ठरतो असे नाही, ही गोष्ट निराळी.

आमचे बिऱ्हाड पुण्याहून येथे आले तेव्हा मी शाळेत होतो. वडील नकाशे काढण्याच्या नोकरीत होते. टी-स्क्वेअर आणि शाईची लेखणी हीच त्यांची आयुधे. १९८७च्या उन्हाळ्यात विलायतेहून आलेल्या मामांनी आम्हां भावंडांसाठी रबरी बटणांची एक काळी पेटी आणली. पाटीपेक्षा ती मोठी नव्हती. घरातील कृष्णधवल दूरदर्शन-संच हा तिचा पडदा आणि आईचा गाणी ऐकण्याचा टेपरेकॉर्डर ही तिची पोथी. त्या पेटीबरोबर चार-पाच कॅसेटी होत्या. त्यांपैकी एकीत एक संपूर्ण देश होता. त्या देशाचे नाव मिडनाइट, म्हणजे मध्यरात्र; आणि तो निर्माण करणाऱ्याचे नाव माईक सिंगल्टन. त्यांच्याविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

ती पेटी म्हणजे इंग्लंडात १९८२ साली सर क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने काढलेला 'झेडएक्स स्पेक्ट्रम' हा घरगुती संगणक. तोवर संगणक म्हटला की थंड हवेची खोली, पांढरे डगले घातलेले तज्ज्ञ आणि सरकारी खर्च, असे चित्र डोळ्यांपुढे येई. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कामास लागलेला 'टिफ्रॅक' आपल्या सर्वांच्या अभिमानाचा विषय. पण त्याला हात लावण्याचे भाग्य किती जणांच्या वाट्याला आले? स्पेक्ट्रमने ही सोवळ्यातली विद्या स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत आणून ठेवली. १९८६ साली डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने परवाना घेऊन आपल्या देशातही त्याची एक आवृत्ती बाजारात आणली. त्याच सुमारास सरकारच्या 'क्लास' योजनेखाली निवडक शाळांतून बीबीसी मायक्रो हे दुसरे ब्रिटिश यंत्र आले होते. मुले कळफलकाला बोट लावू लागली होती.

माईक सिंगल्टन यांचा जन्म १९५१चा. ते मूळचे इंजिनिअर नव्हेत, गणितीही नव्हेत. ते शाळेत इंग्रजी शिकवीत. ही गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे जे सांगावयाचे आहे त्याचे मूळ मला तेथेच दिसते. फावल्या वेळात ते संगणकाच्या नादी लागले, पेट आणि झेडएक्स-८१ या आरंभीच्या यंत्रांसाठी लहान लहान खेळ रचू लागले, आणि पुढे शिक्षकी सोडून पूर्ण वेळ याच कामाला लागले. १९८४ साली बियॉन्ड या प्रकाशनसंस्थेने त्यांचा 'द लॉर्ड्स ऑफ मिडनाइट' हा खेळ प्रसिद्ध केला.

त्या काळचे बहुतेक खेळ दोन जातींचे असत. एका जातीत पडद्यावर काहीतरी धावे आणि आपण त्यावर गोळ्या झाडाव्या. दुसऱ्या जातीत यंत्र एक वाक्य लिही आणि आपण त्याला दुसऱ्या वाक्याने उत्तर द्यावे. सिंगल्टन यांनी यांपैकी काहीच केले नाही. त्यांनी आपल्याला एका डोंगरावर उभे केले आणि म्हटले, पाहा. समोर बर्फाची पठारे, पलीकडे अरण्य, त्यामागे दुर्ग, क्षितिजावर धूसर शिखरे. मान वळविली की दुसरे दृश्य. आठ दिशा, आठ दृश्ये. एक पाऊल पुढे टाकले की मघाचे लांबचे अरण्य जवळ येई, मोठे दिसू लागे. असा हा मुलूख सुमारे ४,००० ठिकाणांचा. प्रत्येक ठिकाणाहून आठ दिशा धरल्या तर ३२,००० दृश्ये होतात. जाहिरातीत हाच आकडा असे, आणि तो फुगविलेला नव्हता.

आता यातील अडचण पाहा. स्पेक्ट्रमची स्मृती ४८ किलोबाइटची, म्हणजे ४९,१५२ बाइटांची. एक पडदाभर चित्र जसेच्या तसे साठवावयाचे तर ६,९१२ बाइट लागत. अशी ३२,००० चित्रे साठवावयाची झाली, तर हिशेब करून पाहता ४,५०० स्पेक्ट्रम एकाशेजारी एक मांडावे लागतील. आणि सिंगल्टन यांच्यापुढे यंत्र होते एकच. तेही पडद्यासाठी आपला वाटा कापून घेई. उरलेल्या जागेत मुलूख, सरदार, सैन्ये, शत्रूची चाल आणि खेळाचे सारे नियम बसवावयाचे.

त्यांनी चित्रे साठविलीच नाहीत. साठविला तो फक्त नकाशा: या घरात डोंगर, त्या घरात अरण्य, पलीकडे बुरूज. त्याबरोबर डोंगराची, झाडाची, बुरुजाची थोडीशी चित्रे, जवळची मोठी आणि लांबची लहान. पाहणारा कोठे उभा आहे आणि कोणीकडे पाहतो आहे हे कळले, की यंत्र नकाशा वाचून आधी लांबच्या वस्तू रेखाटी, मग त्यांवर जवळच्या. आपण पाहिल्याशिवाय ते दृश्य कोठेही अस्तित्वात नसे, आणि पाठ फिरविली की पुसले जाई. तरीही त्याच जागी परत आलो तर तोच डोंगर तेथेच असे. या युक्तीला 'लँडस्केपिंग' असे नाव दिले गेले.

आपल्या परंपरेत या रीतीला जुने नाव आहे. तिला सूत्र म्हणतात. पाणिनीने संस्कृतातील प्रत्येक शब्दरूप लिहून ठेवले नाही. रूपे ज्यांपासून सिद्ध होतात ते नियम लिहिले, तेही इतके आटोपशीर की अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणाला पुत्रजन्माचा आनंद होतो, असे विनोदाने म्हणतात. सिंगल्टन यांचा एकेक बाइट अशाच काटकसरीने खर्ची पडला होता. चित्रांखाली येणारी वाक्येही त्यांनी तयार ठेविली नव्हती. कोण, कोठे, कोणत्या दिशेस, समोर काय, असे तुकडे जुळवून यंत्र वाक्य रचीत असे. भाषा शिकविणाऱ्या माणसाला हे सुचावे यात मला तरी नवल वाटत नाही. थोड्या नियमांतून अगणित वाक्ये निघतात, ही गोष्ट त्याने फळ्यासमोर उभे राहून वर्षानुवर्षे मुलांना सांगितली होती.

खेळाचे कथानक मात्र नवे होते असे म्हणता येणार नाही. उत्तरेकडील दुष्ट राजा डूमडार्क, त्याचा बर्फाचा मुकुट, दक्षिणेकडील चंद्रपुत्र लक्झर आणि त्याचा कोवळा मुलगा मॉर्किन. ज्यांनी टॉल्किन वाचला आहे त्यांना हे पाणी कोणत्या विहिरीचे ते लगेच ओळखू येईल. परंतु सिंगल्टन यांनी त्यातून खेळणाऱ्यापुढे जो प्रश्न ठेवला तो त्यांचा स्वतःचा. लढाई दोन वाटांनी जिंकता येई. सरदारांमागून सरदार आपल्या बाजूस वळवून, सैन्य जमवून शत्रूची राजधानी घ्यावी, ही एक वाट. एकट्या मुलाने शत्रूच्या मुलखात शिरून मुकुटाचा नाश करावा, ही दुसरी. सैन्य पुढे सरकले की शत्रूचे लक्ष तिकडे वेधले जाई आणि मुलाला रस्ता मोकळा होई. म्हणजे सेनापतीने पुष्कळदा हरण्यासाठी लढावयाचे, ते आपल्या मुलाला वेळ मिळावा म्हणून! चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला हे शहाणपण शिकविणारे पुस्तक माझ्या दप्तरात त्या वर्षी दुसरे नव्हते.

आमच्या घरी या उद्योगाला 'खेळ' म्हणत, आणि तो शब्द उच्चारताना आईच्या कपाळावर एक आठी उमटे. आम्ही भावंडे चौकटीच्या कागदावर त्या मुलखाचा नकाशा काढीत होतो. एकेक ठिकाण, एकेक घर. मेन आणि क्रॉस मोजण्याची सवय येथे कामास आली. एका रात्री वडील मागे येऊन उभे राहिले. आता बोलणी बसणार, या भीतीने आम्ही वाट पाहत होतो. त्यांनी कागद उचलला, दिव्याखाली धरला आणि एकच प्रश्न विचारला, "याचे प्रमाण काय?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. पुष्कळ विचारानंतर धाकटी म्हणाली, "बाबा, येथे अंतर मैलांत नाही, तासांत आहे. सपाटीचे घर लवकर ओलांडते, डोंगराचे उशिरा. रात्र झाली की थांबावे लागते." वडील थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे हा ज्याने केला त्याला चालणे ठाऊक आहे." सिंगल्टन यांच्या कामाची याहून नेमकी पावती मी आजवर वाचलेली नाही.

सिंगल्टन यांनी पुढेही पुष्कळ केले. 'डूमडार्क्स रिव्हेंज' हा दुसरा, अधिक विस्तीर्ण मुलूख त्यांनी १९८४ मध्येच उभा केला. १९८९ साली 'मिडविंटर' आला. त्यात बर्फाळ बेटावर बर्फपट्ट्यांवरून घसरत जाता येई. पण मिडनाइटच्या त्रयीतील तिसरा खेळ, 'द आय ऑफ द मून', जाहीर होऊनही त्या काळात पुरा झाला नाही. यंत्रे बदलली, कंपन्या एकमेकींत विलीन झाल्या, आणि ज्या कामाला एक माणूस आणि एक खोली पुरे होती त्याला शंभर माणसांचे कारखाने लागू लागले.

येथे मला या कलेच्या दैवाविषयी थोडे बोलावयाचे आहे. ताम्रपट हजार वर्षे टिकतो, कागद दोन-तीनशे. चुंबकीय फितीला बुरशी लागावयास बंगळूरचे चार पावसाळे पुरतात. कॅसेटीतील तो मुलूख ऐकू येई तो एखाद्या किंचाळणाऱ्या सुतारपक्ष्यासारखा. चार-पाच मिनिटे तो आवाज सुरळीत गेला तर देश उभा राही, मध्ये एक खरखर झाली तर काहीच नाही. आवाजाच्या याच गुणाचा उपयोग हॉलंडच्या नभोवाणीने एका सुंदर रीतीने करून घेतला होता. १९८०नंतरच्या त्या दशकात तेथे संगणकाच्या आज्ञावल्या चक्क कार्यक्रमातून प्रक्षेपित होत, श्रोते त्या ध्वनिमुद्रित करीत आणि आपल्या यंत्राला ऐकवीत. गाण्याप्रमाणे आज्ञावलीही हवेतून घरोघर जात असे. आणि गाण्याप्रमाणेच, कोणी जपून ठेवली नाही तर ती हवेतच विरूनही जाई.

मिडनाइटचा मुलूख विरला नाही, कारण काही खेळणाऱ्यांनी तो जपला. ख्रिस वाइल्ड हे त्यांतले एक. तरुणपणी हा खेळ खेळलेल्या या गृहस्थाने तो उकलून, त्याचे नियम समजून घेऊन नव्या यंत्रांवर आणला, आणि पुढे स्वतः सिंगल्टन यांच्याबरोबर त्याची नवी आवृत्ती हाती घेतली. ते काम चालू असतानाच, ऑक्टोबर २०१२ मध्ये, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी सिंगल्टन वारले. वाइल्ड यांनी काम तडीस नेले आणि त्याच वर्षी डिसेंबरात तो मुलूख खिशात मावणाऱ्या दूरध्वनीवर उघडला. शिक्षकाचे अर्धे राहिलेले काम पुढच्या पिढीने पुरे करावे, यापरते शिक्षकाचे श्राद्ध कोणते?

आपल्याकडे काय झाले? त्याच वर्षांत मुंबईत, पुण्यात, बंगळुरात कितीतरी मुलामुलींनी अशाच पेट्यांसमोर बसून स्वतःचे खेळ रचले असतील. मासिकांतून उतरवून घेतले असतील, त्यांत मराठी नावे घातली असतील. त्यांच्या वह्या आणि कॅसेटी कोणी गोळा केल्या नाहीत. मोठ्या यंत्रांचा इतिहास संस्था लिहितात. लहान यंत्रांचा इतिहास घरांना लिहावा लागतो, आणि घर बदलताना आपण पहिल्याने टाकतो ती रद्दी नेमकी हीच असते.

वडील गेल्यावर त्यांची नकाशांची पत्र्याची नळी आम्ही उघडली. कचेरीच्या कागदांत आमचा तो चौकटींचा कागद होता. वर कोपऱ्यात, शाईच्या लेखणीने, त्यांनी उत्तर दिशेचा बाण काढला होता, आणि खाली प्रमाण लिहिले होते: 'एक घर म्हणजे सपाटीवर एक चाल'. कॅसेट केव्हाच गेली. तो कागद आता जयनगरातल्या माझ्या घरी भिंतीवर आहे. पाहुणे विचारतात, हा कोणता देश? मी त्यांना सांगतो, आणि कर्त्याचे नावही सांगतो.