शून्याचा पूर्णविराम

मराठीच्या अध्यापकाने संगणकाच्या सी भाषेविषयी बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु जुन्या पोथ्यांच्या वाचकास हा विषय सर्वस्वी परका नाही. पोथीत अक्षरे सलग चालतात. ओवी कोठे संपली हे दंड सांगतो. सी भाषेतही मजकुराचा शेवट एक खूणच सांगते. ती खूण म्हणजे शून्य.

या प्रथेलाही इतिहास आहे. बीसीपीएल या पूर्वीच्या भाषेत मजकुराची लांबी आरंभीच नोंदवीत. नोंदीला ८ बिटांचीच जागा असल्यास २५५ वर्णांपुढे जाता येत नसे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन यांच्या ‘बी’ भाषेने ही मोजदाद सोडून अखेरीस खूण ठेवली. डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास घडविलेल्या ‘सी’ने तोच मार्ग पत्करला. लांबीचे बंधन सुटले. मात्र शून्यासाठी एक जागा राखण्याचे दायित्व लिहिणाऱ्यावर आले.

शून्य राहून गेले, तर वाचणारा प्रोग्राम शेजारच्या स्मृतीतील असंबद्ध बाइटही मजकूर समजून वाचत जातो. लांबी न पाहता लिहिले, तर शेजारची नोंदच पुसली जाते. २ नोव्हेंबर १९८८ रोजी मॉरिस वर्मने याच सैलपणाचा लाभ घेतला. ‘गेट्स’ हे फंक्शन जागेची मर्यादा न पाहता मजकूर घेत असे. ५१२ बाइटांच्या जागेत त्याहून अधिक बाइट शिरले. २०११ च्या मानकातून ते वगळण्यात आले.

त्यावरील उपायही सदोष निघाले. ‘स्ट्रएनकॉपी’ मर्यादा पाळते. पण मजकुराने जागा पुरती भरली, तर शून्य लिहीतच नाही. १९९८ मध्ये ओपनबीएसडीत आलेली ‘स्ट्रएलकॉपी’ मजकूर तोडते, पण शून्य अवश्य ठेवते.

आपल्या भाषेला मात्र तेवढे पुरत नाही. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. ‘मराठी’ या शब्दात अशी ५ चिन्हे, म्हणजे १५ बाइट; शून्यासह १६. जागा १५ च ठेवली, तर ‘स्ट्रएलकॉपी’ शेवटची वेलांटी मध्येच तोडते. चिन्हाच्या सीमेपर्यंत मागे सरकून शून्य ठेवले, तर प्रोग्राम वाचतो. पण उरते ‘मराठ’. म्हणून खरी दुरुस्ती एकच: आधी बाइट मोजावेत, एक जागा अधिक घ्यावी आणि शून्य लिहावे. विद्यार्थ्यांनी एवढे ध्यानी ठेवावे की शेवट हाही मजकुराचाच भाग आहे. त्याची जागा आरंभीच राखावी लागते.