मणिकर्ण

मणिकर्ण : हिमाचल प्रदेशाच्या कुल्लू जिल्ह्यातील, गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेले छोटे तीर्थक्षेत्र. स्थानिक उच्चार मणिकरण. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे १,७६० मी. बियासला भुंतर येथे मिळणाऱ्या पार्वती नदीच्या उजव्या तीरावर ते वसले असून भुंतरपासून सुमारे ३५ किमी., तर कुल्लूपासून सुमारे ४५ किमी. अंतरावर आहे. वाटेतले कसोल गाव येथून अवघ्या चार किलोमीटरांवर.

पार्वतीचे खोरे कसोलजवळ काहीसे रुंद आहे. मणिकर्णला मात्र दोन्हीकडचे डोंगर इतके जवळ येतात की, गावाला पसरायला जागाच उरत नाही. नदी आणि कडा यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत देवळे, गुरुद्वारा, धर्मशाळा, दुकाने आणि राहती घरे एकमेकांना खेटून उभी आहेत. हिवाळ्यात ऊन उशिरा येते आणि लवकर जाते. मोटारी नदीपलीकडे ठेवून पुलावरून चालत गावात शिरावे लागते. खाली हिमनद्यांचे थंडगार पाणी घेऊन पार्वती धडाडत असते आणि तिच्या काठच्या खडकांतून, कित्येकदा थेट पात्राच्या कडेलाच, वाफा उसळताना दिसतात.

हे झरे नदीकाठाने किलोमीटरभराहून अधिक लांबीत विखुरलेले आहेत. सर्वांत उष्ण झऱ्यांचे तापमान ९४ अंश सेल्सिअसच्या आसपास भरते. एवढ्या उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने पाणी साधारण याच तापमानाला उकळते. म्हणजे येथे जमिनीतून येते ते शब्दशः उकळते पाणी. त्यामागे ज्वालामुखी नाही. पावसाचे आणि बर्फाचे पाणी क्वार्ट्झाइट खडकांच्या सांध्यांतून व भेगांतून खोलवर उतरते, तेथील उष्णतेने तापते आणि दाबाखाली पुन्हा वर येते. वाटेत त्यात कमीअधिक थंड भूजल मिसळते, म्हणून हाकेच्या अंतरावरील दोन झऱ्यांची उष्णता सारखी नसते. हिमालय ही अजून घडत असलेली पर्वतरांग आहे. तिच्या पोटातली उष्णता पृष्ठभागाच्या इतकी जवळ आलेली फार थोड्या ठिकाणी पाहायला मिळते. लडाखमधील पुगा व चुमाथांग ही त्यांपैकीच. कोकणातील उन्हवरे, तुरळ, राजवाडी किंवा ठाणे-पालघरकडील वज्रेश्वरी-गणेशपुरी येथील कुंडे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांनाही मणिकर्णचे पाणी थक्क करते. कोकणातल्या कुंडांत लोक उतरतात. येथील मूळ झऱ्यात उतरणे अशक्य आहे. स्नानासाठी गरम पाण्यात थंड पाणी मिसळून वेगळी कुंडे केली आहेत, स्त्रियांची आणि पुरुषांची निराळी.

नावाची कथा शिवपार्वतीची आहे. या खोऱ्यात विहार करत असताना पार्वतीच्या कर्णभूषणातील मणी पाण्यात पडून पाताळात गेला आणि तो शेषनागाच्या हाती लागला. मणी सापडेना तेव्हा शिवाने तिसरा डोळा उघडला आणि सृष्टी थरथरली. अखेर शेषाने पाताळातून फूत्कार टाकला. त्यासरशी उकळते पाणी उसळले आणि त्याबरोबर मणी वर आला, एवढेच नव्हे तर रत्नांची रासच बाहेर पडली. १९०५ पर्यंत झऱ्यांतून अधूनमधून रंगीत खडे बाहेर पडत, असे गावात सांगतात. ४ एप्रिल १९०५ रोजी झालेल्या कांगड्याच्या भूकंपानंतर ते थांबले, असेही सांगितले जाते. पौराणिक कथेला अशी पक्की तारीख चिकटलेली क्वचितच आढळते. त्याच भूकंपाने येथील शिवमंदिर कलल्याचे सांगतात. गावाच्या मध्यभागी नैनाभगवतीचे लाकडी कोरीवकामाचे मंदिर आहे. शिवाच्या तिसऱ्या नेत्रातून ती प्रकटली, अशी श्रद्धा आहे.

लिखित इतिहासात मणिकर्णचे नाव कुल्लूच्या राजघराण्याशी जोडलेले आहे. सतराव्या शतकात राजा जगतसिंह याने मोत्यांच्या लोभाने याच खोऱ्यातील टिपरी गावच्या दुर्गादत्त नावाच्या ब्राह्मणाला छळले. त्याने कुटुंबासह स्वतःला जाळून घेतले आणि त्या पापाने राजा ग्रासला गेला, अशी कथा आहे. प्रायश्चित्त म्हणून अयोध्येहून रघुनाथाची मूर्ती आणवण्यात आली. कुल्लूत स्थिरावण्यापूर्वी तिचा मुक्काम काही काळ मणिकर्णला होता, आणि येथील राममंदिर त्याच काळातले मानले जाते. पुढे राजाने राज्यच रघुनाथाच्या चरणी वाहिले. आज देशभर गाजणाऱ्या कुल्लू दसऱ्याचे मूळ या घटनेत आहे. म्हणून मणिकर्णकडे केवळ गरम पाण्याचे ठिकाण म्हणून पाहणे अपुरे ठरते. कुल्लूच्या धर्मजीवनात त्याला आजही मानाचे स्थान आहे. आसपासच्या गावांचे देव आपापल्या रथांत, म्हणजे खांद्यावरून वाहिल्या जाणाऱ्या पालख्यांत बसून, ढोल, करनाल आणि नरसिंगे या वाद्यांच्या गजरात येथे स्नानाला येतात. पुढे चालणारा गूर देवाच्या वतीने बोलतो. अशा दिवशी अरुंद गल्लीत यात्रेकरूंना भिंतीला पाठ लावून वाट द्यावी लागते.

एकोणिसाव्या शतकात खोऱ्याकडे बाहेरच्यांचे लक्ष वळले ते चांदीमुळे. पार्वती नदीच्या दक्षिणेकडील मुलखाला वजीरी रुपी म्हणत. १८४६ मध्ये कुल्लू इंग्रजांकडे गेल्यावर येथील खनिजांचा शोध घेतला गेला आणि जॉन कॅल्व्हर्ट याने १८७३ मध्ये या रुपेरी मुलखावर एक पुस्तकच लिहिले. खाणींचा तो उत्साह फार टिकला नाही.

शीख परंपरेनुसार गुरू नानक तिसऱ्या उदासीत, म्हणजे धर्मप्रवासात, भाई मरदाना यांच्यासह येथे आले. मरदाना भुकेला होता. पीठ होते, पण विस्तव नव्हता. गुरूंनी दगड उचलायला सांगितला आणि खाली उकळता झरा दिसला. लाटलेल्या पोळ्या त्यात टाकताच त्या बुडाल्या. तेव्हा गुरूंनी देवाच्या नावे एक पोळी अर्पण करण्यास सांगितले, आणि सगळ्या भाजून वर तरंगल्या. सध्याचा गुरुद्वारा उभा राहिला तो संत नारायण हरी यांच्या खटपटीमुळे. १९४० च्या सुमारास ते येथे आले आणि हयातभर राहिले.

दोन्ही परंपरांच्या कथा वेगळ्या असल्या, तरी दोन्हींची चूल एकच आहे, आणि मणिकर्णचे खरे वैशिष्ट्य हेच मानावे लागेल. शिवमंदिराजवळच्या कुंडावर सकाळपासून गर्दी असते. यात्रेकरू दुकानातून मूठभर तांदूळ किंवा हरभरे घेतात, पातळ फडक्यात सैलसर पुरचुंडी बांधतात (तांदूळ फुगतो, म्हणून आवळून बांधायची नसते) आणि लांब सुतळीने ती पाण्यात सोडून देतात. तांदूळ थोड्या वेळात शिजतो, हरभऱ्याला बराच वेळ लागतो. तोच भात प्रसाद म्हणून गावी नेला जातो. शेजारीच गुरुद्वाऱ्याच्या लंगरची झाकणबंद मोठी भांडी त्याच उष्ण पाण्यात ठेवलेली असतात. त्यांत डाळ आणि भात शिजतो, सेवेकरी आकड्यांनी भांडी ओढून बाहेर काढतात आणि कोणत्याही जातिधर्माचा माणूस पंगतीत बसून जेवतो. झऱ्यांजवळच्या फरशीवर अनवाणी पाय ठरत नाही, म्हणून तेथे फळ्या टाकलेल्या असतात. गुरुद्वाऱ्यात एक उबदार गुंफाही आहे. कडाक्याच्या थंडीत भाविक तिच्यात अंग शेकत बसतात. इंधनासाठी जंगल तोडावे लागत नाही, धूर होत नाही, आणि हजारोंची पंगत उठते. असे देवस्थान देशात विरळाच म्हणावे लागेल.

या उष्णतेचा वैज्ञानिक वापर करून पाहण्याचे प्रयत्नही झाले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९७० नंतर येथे विंधन विवरे खणली. पुढे भूऔष्णिक ऊर्जेवर चालणारे ७.५ टन क्षमतेचे प्रायोगिक शीतगृह आणि ५ किलोवॉटचा वीजनिर्मितीचा प्रायोगिक संच उभारला गेला. गरम पाण्याच्या बळावर थंडावा निर्माण करण्याची कल्पना सफरचंदांच्या या प्रदेशाला किती उपयोगी ठरली असती, हे सांगायला नको. पण प्रयोग प्रयोगच राहिले.

ज्या भेगाळलेल्या डोंगराने हे पाणी दिले, तोच गावाला धोकाही आहे. ऑगस्ट २०१५ मध्ये गुरुद्वाऱ्याच्या इमारतीवर दरडीचे प्रचंड धोंडे कोसळून भाविक मृत्युमुखी पडले. जुलै २०२१ मध्ये ब्रह्मगंगा नाल्याला आलेल्या लोंढ्यात माणसे वाहून गेली. ३० मार्च २०२५ रोजी गुरुद्वाऱ्याजवळ दरड सरकून उन्मळलेले झाड खाली आले आणि सहा जण दगावले. तरीही नदीच्या अगदी काठापर्यंत मजल्यांवर मजले चढवणे चालूच आहे. येथल्या उतारांना इतक्या काँक्रीटचा भार पेलवणारा नाही, हे या दुर्घटनांनंतर तरी मान्य व्हायला हवे.

भुंतर येथे विमानतळ आहे. तेथून आणि कुल्लूहून बस मिळतात. एप्रिल ते जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने प्रवासाला चांगले. पावसाळ्यात रस्ता वारंवार बंद पडतो. मे महिन्यात यूथ हॉस्टेल्स संघटनेच्या सार पास या खिंडीच्या पदभ्रमणासाठी कसोलच्या तळावर येणाऱ्यांत महाराष्ट्रातील तरुणांचा मोठा भरणा असतो, आणि त्यांतले बहुतेक जण मणिकर्णला येऊन जातात. मणिकर्णच्या पुढे सुमारे १५ किमी.वर बरशैणी गाव लागते. तेथून खीरगंगेच्या कुंडापर्यंत पायवाट जाते.